सांदवाडीतले मुळे

माझ्या नातीच्या पोटात जंतांचा गोळा झाला होता, त्याला आता वर्ष होऊन गेलं. पोरगी वाचली. पण गावात अजून असंच बोलतात की आईनं लक्ष दिलं नाही, पोरीचे हात धुतले नाहीत, नखं काढली नाहीत, म्हणून झालं. हे खोटं आहे. खरं काय ते मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी अर्धीच. अक्षर बरं आहे. बाकी चुका असतील त्या असू द्या.

आमचं गाव चिमूरच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत. समोर धानाच्या बांध्या, मागं जंगल. घरात आम्ही तिघं. मी, सून आणि नात. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पोरगा गडचांदूरला एका ठेकेदाराकडं कामाला आहे. पंधरा दिवसांनी येतो, एक मुक्काम करतो आणि जातो. म्हणजे घर सुनेच्या अंगावर, आणि सून माझ्या धाकात. मी कधी शिवी दिली नाही, हात तर दूरच. पण मी एकदा नाही म्हटलं की घरात दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. त्याचा मला गर्व होता. तो गेला असं म्हणत नाही, थोडा आहे अजून.

घराच्या मागं प्रत्येकाची सांदवाडी असते. कुंपण घातलेली, भाजीपाल्यापुरती जागा. माझी सांदवाडी गावात पहिल्या नंबरची. वांगी, वालाच्या शेंगा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत मुळे. मुळे असे की मनगटाएवढे जाड आणि खाल्ले तर पाण्यासारखे गोड. लोक विचारायचे, काय टाकता भाऊ? मी शेणखत म्हणायचो. शेणखत सगळेच टाकतात.

आता सांगतो. आमच्या घरी सरकारी योजनेतून संडास बांधून मिळाला, तो अंगणात, अगदी रस्त्याच्या तोंडावर. जागाच तेवढी होती. रस्त्यानं जाणारा येणारा आपल्याला आत जाताना पाहणार, बाहेर येताना पाहणार, वरून रामराम घालणार. मला ते जमलं नाही. मी त्यात काड्या आणि गोवऱ्या भरून ठेवल्या. दोन पावसाळे गोवऱ्या कोरड्या राहिल्या, तेवढा त्याचा उपयोग. मग लग्न होऊन सून आली. तिनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या गोवऱ्या बाहेर काढून रचल्या, फरशी घासली, बादली ठेवली. मला विचारलं नाही. ती एकच गोष्ट तिनं मला न विचारता केली होती. पोरगा, ती, पुढं नातही तिथंच जायला लागली. मी म्हणालो, मी नाल्याकडं जातो, मला सवय आहे.

जात होतोही. पण गुडघे गेले. नाल्यापर्यंत जाऊन बसून उठून परत येणं म्हणजे अर्धा दिवस. मग सांदवाडीच्या पार शेवटाला, कोहळ्याच्या मांडवामागं, दिवस निघायच्या आधी मी डबा घेऊन जायला लागलो. सोबत चुलीतली राख न्यायचो आणि वरून घालायचो. राखेनं सगळं साफ होतं, हे मी लहानपणापासून पाहत आलो. भांडी राखेनं निघतात, दात राखेनं घासले, जखमेवर राख लावली, बियाण्यात राख कालवली की कीड लागत नाही. मग हेच राखेनं साफ का होऊ नये? दीड-दोन महिन्यांनी तिथं कुदळ मारली की काळी भुसभुशीत माती निघायची. वास नाही, काही नाही. माझा बाप याला सोनखत म्हणायचा. ती माती मी मुळ्याच्या वाफ्यात ओढायचो. हे घरात कोणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो.

नात माझ्या मागं मागं. पाच वर्षांची होती. मोडक्या दांड्याची पळी तिचं हत्यार. मी वाफा खणला की ती बाजूला बसून खणायची, मुंग्यांची घरं शोधायची, मुळा उपटायची, फ्रॉकला पुसायची आणि कराकरा खायची. सून स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, धुऊन खा. मी इकडून म्हणायचो, मातीनं काय होते व, आम्ही मातीतच वाढलो. पोरगी माझं ऐकायची. मग संध्याकाळी सून तिला धरून मोरीवर न्यायची, साबणानं कोपरापर्यंत घासायची. नखं दर रविवारी. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जंताचं औषध मी द्यायचो. जवानीत आलापल्लीकडं सागाच्या तोडीवर होतो, तिथल्या डेऱ्यावर स्वयंपाक करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून शिकलो. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, भिजवून सोलायच्या, वाटायच्या, गुळात गोळी करायची. सकाळी उपाशी पोटी. आजूबाजूच्या बायका लेकरं घेऊन माझ्या ओसरीवर यायच्या. पोट मोठं, हातपाय काड्या, बेंबीपाशी दुखतं म्हणून रडणारी लेकरं. मी गोळी द्यायचो. कधी जंत पडायचे, कधी नाही. पडले की माझं नाव व्हायचं. नाही पडले तर मी म्हणायचो, गोड बंद करा, गोडानंच जंत होतात.

नातीलाही जंत झाले. तिलाही गोळी दिली. एक पडला, वीतभर, पांढरा. तीन महिन्यांनी पुन्हा तेच पोट, पुन्हा तेच दुखणं. मी सुनेला म्हणालो, बिस्किटं देणं बंद कर. तिनं बंद केली. पुन्हा झाले. मी म्हणालो, लपून देत असशील.

शाळेत जंताची गोळी वाटायचा दिवस असतो. आदल्या दिवशी गावची आशाताई सांगत घरोघर फिरली. आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, उद्या पोरीला घरी ठेवू नका.

मी म्हणालो, आमच्या घरी औषध आहे.

"भाऊ, गोळी घेऊ द्या न तिले. फुकटची आहे."

"फुकटची आहे म्हणूनच नोको."

ती हसली. मलाही वाटलं, आपण बरं बोललो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मास्तरांना सांगून मी पोरीला हाताला धरून घरी आणलं. येताना वाटेत तिनं विचारलं की सगळ्यांना गोळी मिळाली, मला का नाही. मी तिला खांद्यावर घेतलं. ती हलकी होती. पाच वर्षांची पोरगी इतकी हलकी नको होती, हे तेव्हा मनात आलं आणि गेलं.

थंडी पडली. मुळे भरात आले होते. पोरीचं पोट फुगून कडक झालं, म्हणून मी दोन दिवस ओळीनं पळसाची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओकली. हिरवं पाणी पडलं, आणि त्या पाण्यात एक जंत. तोंडातून. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, निघून राह्यले, दुपारपर्यंत पाहू. सून आत गेली, पोरीला लुगड्यात गुंडाळलं, शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली आणि निघाली. मला या म्हणाली नाही. मीच मागून चढलो.

तालुक्याच्या दवाखान्यातून गाडी करून जिल्ह्याला पाठवलं. तिथं फोटो काढले, पोटावरून मशीन फिरवलं. एक तरणी डॉक्टरीणबाई होती. तिनं सांगितलं की आतड्यात जंतांचा गुंता झाला आहे, सुतळीचा होतो तसा, आणि त्यानं वाट बंद झाली आहे. नाकातून नळी घातली, हाताला सलाईन, तोंडानं पाण्याचा थेंब नाही. उद्यापर्यंत सुटलं तर ठीक, नाही तर पोट उघडावं लागेल. पोरगी पाणी मागत होती. सून ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होती.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरचं काही औषध दिलं होतं का. मी मान वर करून सांगितलं, हो, मी दिलं, पळसाचं. ती म्हणाली, अशा अर्धवट औषधानं जंत मरत नाहीत, बिथरतात आणि एका जागी गोळा होतात, पुन्हा कोणाच्याही लेकराला देऊ नका. मला राग आला. पण ऐकून घेतलं. पळसाची गोष्ट माझ्या विद्येची होती, तिच्यावर बोललेलं मी सहन करू शकत होतो.

मग तिनं सुनेकडं तोंड वळवलं. घरी संडास आहे का? सून म्हणाली, आहे. सगळे वापरतात का? सून म्हणाली, हो. माझ्याकडं पाहिलं नाही. बोलताना ती पोरीच्या पायावरचं पांघरूण नीट करत होती.

"मग मातीत अंडी कुठून आली?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "जंत आपोआप होत नाहीत, गोड खाऊन होत नाहीत. माणूस उघड्यावर बसतो, त्याच्या पोटातली अंडी मातीत जातात. ती माती लेकराच्या हाताला, तिथून तोंडात. तुम्ही हात धुवून देत नाही. कच्ची भाजी न धुता देता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालंय हे. आई ना तुम्ही?"

सून उभी होती. खाटेचा दांडा हातात धरून. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. मला उठता आलं असतं. चार शब्द होते. मी राखेचा विचार करत होतो. राखेनं साफ होतं, राखेनं साफ होतं, असं मनात घोकत होतो, म्हणजे ती बाई जे बोलत होती ते माझ्या अंगाला लागू नये.

संध्याकाळी पोरगा आला. कामाच्या कपड्यांवरच आला होता. त्याला बाहेरच नर्सनं सगळं सांगितलं होतं. व्हरांड्यात त्यानं बायकोला विचारलं की एक पोरगी सांभाळता येत नाही का तुला. माणसं पाहत होती. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तेव्हाही मी बोललो नाही. पोरगी आधी बरी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. माणूस असं ठरवतो.

दुसरा दिवस तसाच गेला. डॉक्टरीणबाई तीनदा येऊन पोट दाबून गेली. ऑपरेशनच्या कागदावर पोराची सही घेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट थोडं मऊ लागलं आणि मग पोरीला झाडा झाला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतकं कधी कोणाच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. नर्स भांडं घेऊन गेली. परत आल्यावर सुनेला म्हणाली, झाकून नेलं, तू नको पाहू. पुढं औषध दिलं, आणखी पडले. पोट उघडावं लागलं नाही.

घरी आलो. पोरगी पेज खाऊ लागली. पण आमच्या आधी गावात बातमी पोचली होती. बोरिंगवर बायका सुनेला पाहून आपापली भांडी बाजूला सरकवत. एका बाईनं तर तोंडावर विचारलं म्हणे, काय व, साबण संपला होता का? हे मला सुनेनं नाही सांगितलं, शेजारणीनं सांगितलं. सून पाणी भरायला भर दुपारी जाऊ लागली, तिथं कोणी नसतं तेव्हा.

आशाताई पुन्हा आली. आता घरातल्या सगळ्यांना गोळी. सुनेनं घेतली. माझी पाळी आली. मी गोळी तोंडात टाकली.

"जीभ दाखवा, भाऊ."

"मी काय लेकरू आहे?"

"लेकरं गिळतात. तुमचा भरोसा नाई."

मी गिळली. तिला पाठवायला म्हणून गिळली. तेव्हाच तिनं जाता जाता सांगितलं की ही अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, उन्हानं, राखेनं लवकर मरत नाहीत. कशावरून तिनं राख म्हटलं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी सकाळी कोहळ्याच्या मांडवामागं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक नाही, कितीतरी होते. वीतभर, पांढरे, गुंतलेले. पोरीच्या पोटातून जे पडले होते तेच. मी गावाच्या लेकरांना औषध देणारा, आणि माझ्या पोटात हे. कधीपासून, कोण जाणे. मला कधी काही दुखलं नाही. सवयीनं मी राख घातली आणि मग तिथंच उभा राहिलो. मुळ्याचा वाफा दोन हातांवर होता. वाफ्याच्या कडेला पोरीनं खणलेले लहान लहान खड्डे होते.

त्या दिवशीही सांगितलं नाही. त्यानंतर आठ दिवस सांगितलं नाही. फक्त सगळे मुळे उपटून दूर खड्ड्यात पुरले. सुनेनं दारातून पाहिलं, विचारलं नाही.

पोरगा आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. पोरगी अंगणातून धावत आली, पायाला माती. पोरानं घास थांबवला. बायकोला म्हणाला, डॉक्टरीणनं एवढं सांगतलं, तरी तुह्या डोक्यात काही शिरत नाई का? सून पोरीला उचलायला उठली. आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर मेल्यावरच.

"तिले बोलू नोको," मी म्हणालो. "पोरीच्या पोटातले जंत माह्याच्यानं झाले."

मग मी सगळं सांगितलं. मांडव, राख, सोनखत, मुळे, त्या सकाळी काय पाहिलं ते. जेवताना सांगायची गोष्ट नव्हती. पोरगा ताटाकडं पाहत राहिला. त्यातली वांगीही सांदवाडीतलीच होती.

सून पोरीला काखेत घेऊन उभी होती. म्हणाली, "मले मालूम होतं, मामाजी."

"कधीपासून?"

"चुलीतली राख कुठी जाते, ते समजत नाई का बाईमाणसाले?"

"मंग बोलली काऊन नाई? डॉक्टरीणजवळ तरी बोलायचं."

ती पोरीच्या पायाची माती हातानं झाडत राहिली.

"तुम्हाले कोन बोलन?" ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही म्हणाली. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी उलट बोललो असतो. मला माझा धाक आठवला, ज्याचा मला गर्व होता. तिनं दवाखान्यात माझ्यासाठी खोटं सांगितलं, ते माझ्यावर माया होती म्हणून नव्हे. घरात माझ्यासमोर कोणी बोलत नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की पोरगी खाटेवर असतानाही तिचं तोंड उघडलं नाही.

पोरगा म्हणाला, बाबा, झालं ते झालं, आता हे बाहेर कोणाला सांगू नका. त्याला माझ्या अब्रूची काळजी होती. बायकोच्या अब्रूची त्याला आठवण झाली नाही. तो माझाच पोरगा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणातल्या संडासात जायला लागलो. उठता येत नाही, म्हणून सुनेनं वरच्या आडव्या बांबूला दोरी बांधून दिली, ती धरून उठतो. रस्त्यानं जाणारे रामराम घालतात. घालू द्या.

आणि मी बोरिंगवर गेलो. सकाळी, बायका असतात तेव्हा. बुढा माणूस बायकांत जाऊन उभा कशाला राहिला असं व्हायला नको, म्हणून रिकामी बादली घेऊन गेलो. पाच-सहा जणी होत्या. मी म्हणालो, माह्या सुनेले नावं ठेवू नोका. ती हात धुते, नखं काढते, भाजी धुते. मीच सांदवाडीत बसत होतो, माह्याच पोटात जंत होते, माह्याच मुळ्यांतून पोरीच्या पोटात गेले.

माझ्याच वयाची एक बाई, गावच्या नात्यानं माझी वहिनी लागते, ती पदर तोंडाला लावून हसली.

"बुढा सुनेसाठी आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला व," ती बाकीच्यांना म्हणाली. "असा सासरा मिळाला पायजे बाप्पा."

दुसरी म्हणाली, माझा सासरा असता तर मलाच पहिले नावं ठेवली असती. सगळ्या हसल्या. मी पुन्हा सांगितलं, जरा जोरात, की मी खोटं बोलत नाही, आशाताईनं मलाही गोळी दिली, तिला विचारा. त्यांनी माना डोलावल्या, समजूत काढताना डोलावतात तशा. म्हणजे माझी अब्रू आणखी वाढली, आणि सून होती तिथंच राहिली. उलट आता असं झालं की सासरा इतका चांगला, तरी हिला पोरगी सांभाळता आली नाही.

घरी आलो. सून ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. काय म्हणालो, त्या काय म्हणाल्या. तिनं मान वर केली नाही. एक खडा काढला, अंगणात फेकला.

"राहू द्या, मामाजी," ती म्हणाली. "पाणी आणलं का?"

बादली तिथंच राहिली होती. मी पुन्हा निघालो. मला येताना पाहून बोरिंगवरच्या बायका बोलायच्या थांबल्या.